जित्या माणसाच्या पानाला कावळे

तीर्थस्वरूप भामाअक्का, मुक्काम धारूर, हिला दिंद्रुडहून सुग्रीवचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? तुमच्या विहिरीत काही उरलंय का? आमच्याकडं टँकर येतो, पण पाण्यापेक्षा धूळच जास्त आणतो (हे मी तहसीलला लेखी कळवलं आहे). बाकी सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो.

दूध संस्थेचा सचिव या नात्यानं फॅट आणि वजन यांत माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. शाळा सातवीपर्यंत, पण पशुआहाराचं पुस्तक मी समासात दुरुस्त्या करत वाचलं आहे. म्हणून माझ्या लेकीचं, आपल्या द्वारकाचं जेवण तुटलं, तेव्हा दर सोमवारी तिला डेअरीच्या काट्यावर उभी केली आणि दुधाचा वाचावा तसा तिचा आकडा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. हेतू हा, की पोरगी लाजून खाईल. झालं उलटंच. आकडा उतरला की लोक माना डोलवत. दुष्काळात कमी खाते ती गुणाची! चेअरमन सुंदररावांनी तर सभेत तिला हार घातला, "बगा, शिका जरा ह्या लेकराकडून." (नंतर स्वतः भजी पुन्हा मागून घेतली.) हार खांद्यावर ठरेना, घसरून जमिनीवर आला. टाळ्या थांबल्या. एकटी द्वारका हसत होती.

त्यानंतर ती म्हणू लागली, घरात उकडतं, गोठ्यामागं जेवते. ताट लख्ख परत येई. पण पोरगी वाळतच चालली, आणि चारा छावणीत बैलांच्या फासळ्या वर आलेल्या असताना आपला मोती कुत्रा मात्र गोल झाला. मग कावळे. पितरपाट नाही, कुणाचा दहावा नाही, तरी जेवणवेळेला गोठ्याच्या भिंतीवर ओळीनं येऊन बसत. एकही ओरडत नसे. शेजारची छबुबाई म्हणाली, "सुग्रीवभाऊ, जित्या माणसाच्या पानाला कावळा शिवतोय. ह्ये बरं न्हाई." मी असलं काही मानत नाही. तरी भर दुपारी कडब्याच्या गंजीआड (गंजी कसली, बुडखाच उरलाय) बसून पाहिलं. द्वारका भाकरीचे सारखे तुकडे करून भिंतीवर मांडत होती. कावळे शिवत होते. आणि तिचा जबडा हलत होता, अक्का, सावकाश, नीट चावल्यासारखा. तोंडात काही नव्हतं.

बीडच्या फळवाल्यांची हाफिजा मानसशास्त्रात संशोधन करते, अशा न जेवणाऱ्या पोरींना भेटत गावोगाव फिरते. तिला बोलावलं. प्रथम मीच तिला पशुआहार समजावला. तिनं सगळा ऐकून घेतला, मग म्हणाली, "चाचा, आजार पोटात न्हाई, डोक्यात हाय. आन् तुमचा काटा त्यालाच चारतोय." वजन ती घेईल, तेही द्वारकाला आकडा न दाखवता; डॉक्टरकडं न्यावं लागेल; आणि मी फक्त शेजारी बसून जेवायचं. (याला काय संशोधन लागतं, असं मी म्हणणार होतो. म्हणालो नाही.) कावळ्यांचं विचारलं तर म्हणाली, "भाकर दिसती म्हणून येतात, चाचा." मला पटलं. छबुबाईला नाही.

असो. पत्र लांबलं.

तुझा धाकटा,
सुग्रीव

ता. क. काल गोठ्यामागं तिच्याशेजारी जेवलो. तिनं विचारलं, "बाबा, किती घास झाले तुमचे?" मी म्हणालो, "मोजले न्हाईत." ती माझ्याकडं बघतच राहिली. मग कोरभर भाकरी खरोखर गिळली. (सुंदररावांच्या कानावर घालू नकोस, हार घेऊन येतील.)

आणखी एक. अंबाजोगाईला डॉक्टरकडं यायला द्वारका तयार आहे, पण म्हणते, आत्या संगं असेल तरच. पत्र खरं तर एवढ्यासाठीच. मिळेल त्या एसटीनं ये. फक्त उंबऱ्यात पाय ठेवताच तू ज्याला त्याला म्हणतेस ना, "किती वाळलास रे!", तेवढं धारूरलाच ठेवून ये. कावळे अजून भिंतीवर आहेत.