सरळ केलेली गिटार

प्रिय डावरे,

शाळेच्या मागच्या व्हरांड्यात, गाण्याच्या खोलीबाहेर एक बाकडं होतं, आठवतं का ग? जेमतेम दीड माणसाच्या बेताचं. त्यावर आपण दोघी दोन गिटारी घेऊन बसायचो आणि तरी कधी एकमेकींना अडचण झाली नाही. मी डावीकडे, तू उजवीकडे. माझ्या गिटारीची मान माझ्या डाव्या अंगाला बाहेर, तुझीची तुझ्या उजव्या अंगाला बाहेर. मधे फक्त दोन कोपरं, माझं उजवं नि तुझं डावं, एकमेकांना घासत वरखाली व्हायची. माझा ताल चुकला की तू कोपरानेच ढोसायचीस. बाकीच्या मुली शेजारी बसल्या की त्यांच्या गिटारी एकमेकींवर आपटायच्या, आणि गाण्याच्या सिस्टर म्हणायच्या की या दोघींना एकाच बाकड्याच्या मापाने घडवलंय. आज दुपारी मटार सोलत बसले होते, तर माझं उजवं कोपर आपोआप जरा बाहेर गेलं, शेजारी कुणी असल्यासारखं. म्हणून हातातली परात बाजूला ठेवली आणि कागद घेतला.

त्याच शाळेत चष्मेवाल्या सिस्टर पण होत्या. त्यांनी तुझा डावा हात हातरुमालाने बाकाच्या दांडीला बांधून ठेवायचा आणि तू उजव्या हाताने रडत रडत पाटीवर रेघा ओढायच्या. मी खिडकीतून बघायचे. तुझं अक्षर अजून कावळ्याचे पाय आहे ते त्यांचंच देणं. पण बाबांनी तुला गिटार घेऊन दिली आणि तू ती उलटी धरलीस, तेव्हा गाण्याच्या सिस्टर काही बोलल्या नाहीत. त्यांनी नुसत्या सगळ्या तारा काढल्या आणि उलट्या क्रमाने लावल्या. जाड तारेला रुंद खाच लागते म्हणून शाळेच्या सुताराला बोलावून तारा जिथे टेकतात त्या दोन्ही हाडाच्या पट्ट्या, मानेकडची आणि खालच्या लाकडी पुलावरची, नव्याने करून घेतल्या. चष्मेवाल्या सिस्टर कुरकुरल्या, तर या शांतपणे म्हणाल्या की पोरीला सरळ करण्यापेक्षा गिटार उलटी करणं सोपं आहे. आपण दोघी दाराआड तोंडावर हात धरून हसलो होतो.

हे सगळं आज उगाळते आहे कारण त्या गिटारीबद्दलच सांगायचं आहे. तू ती माझ्याकडे ठेवून गेलीस तशी ती आता राहिलेली नाही. मी गोल गोल फिरत बसत नाही, सांगून टाकते. तुझ्या लाडक्या भाच्याने ती कापली.

आमच्या चिरंजीवांनी ऑफिसातल्या चार जणांना जमवून गाण्याचा ग्रूप काढलाय हे तुला माहीत आहे. शनिवारी कुठल्या कुठल्या हॉटेलांत गातात. लोक जेवत असतात, काटेचमचे वाजत असतात आणि हे मधे गात असतात. तिथे साधी गिटार ऐकू जात नाही, म्हणून तिला पिकअप बसवायचा. म्हणजे पुलावरच्या हाडाखाली एक बारीक पट्टी सरकवायची, ती तारांचा थरथराट पकडते, तो वायरीने गिटारीच्या बरगडीत, म्हणजे कडेच्या लाकडात, बसवलेल्या एका डब्यात जातो, डब्याला बॅटरी, आवाज कमीजास्त करायच्या चकत्या, आणि तिथून पुढे मोठ्या स्पीकरला. एवढं ज्ञान मला आता झालं आहे. बायको आजारी पडली की नवऱ्याला औषधांची नावं पाठ होतात, तसं.

मी देवळाशेजारच्या डॉक्टरांकडे गुडघे दाखवायला गेले असताना ती कपाटावरून निघाली. चार दिवसांनी परत आली. चिरंजीवांनी गिटारीची पेटी जेवणाच्या टेबलावर ठेवली, खटके उघडले आणि मला डोळे मिटून उभं राहायला सांगितलं, जणू माझा वाढदिवस आहे. डोळे उघडले तर तुझ्या गिटारीच्या बरगडीला एक चौकोनी भोक आणि त्यात काळ्या प्लॅस्टिकचा डबा, हिरवा दिवा लुकलुकतो आहे. भोकाच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. शेपटाकडे जिथे पट्टा अडकवायची खुंटी होती तिथे वायर खुपसायचं मोठं छिद्र, आणि त्या छिद्रापासून लाकडाला गेलेली केसाएवढी चीर. मी टॉर्च घेऊन मधल्या गोल भोकातून आत पाहिलं. पाहायला नको होतं. आत लाकडाचा भुसा तसाच. वायरी जागोजागी गरम गोंदाच्या गोळ्यांनी चिकटवलेल्या, आणि माफ कर, आपल्याला असले शब्द वापरायला शिकवलेलं नाही, पण ते गोळे वाळलेल्या शेंबडासारखे दिसत होते. एका गोळ्यात कुणाचा तरी केस अडकला होता. बॅटरीच्या चिकटपट्टीवर तेलकट बोटाचा ठसा. पिकअपवाल्याने काहीतरी खाऊन, हात तसेच पुसून, तिच्या पोटात हात घातला होता. मी न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं, आणि बाहेरून सूनबाई म्हणाल्या, आईंना ना काहीही सहन होत नाही.

पण भोक हे त्यातलं लहान होतं. परत आले तेव्हा चिरंजीव ती मांडीवर घेऊन बसले होते. उजव्या हाताने छेडत होते. मला क्षणभर कळेना की डोळ्यांना काय खुपतं आहे. मग कळलं. जाड तार वर होती. त्याने तारा फिरवल्या होत्या, शाळेच्या सुताराने केलेल्या दोन्ही पट्ट्या काढून टाकून नव्या बसवल्या होत्या, आणि मोठ्या कौतुकाने म्हणाला, बघ आई, मावशीची उलटी गिटार सरळ करून आणली. सरळ करून. बाकाची दांडी आणि तो हातरुमाल माझ्या डोळ्यांसमोर आला. चष्मेवाल्या सिस्टर जाऊन किती वर्षं झाली, आणि त्यांचं उरलेलं काम माझ्याच पोटच्या पोराने पुरं केलं.

मी विचारलं, तिला विचारलंस का. तर म्हणे, मावशीच म्हणाली ना, देऊन टाक म्हणून. मी म्हटलं, कुणाला तरी देऊन टाक म्हणाली, तुला नाही. तर म्हणे, मग मी कुणीतरीच आहे ना. आणि वर, असं काय करतेस आई, मावशी आता थोडीच वाजवणार आहे. हे वाक्य त्याने चपातीचा तुकडा मोडावा इतक्या सहज टाकलं. डावरे, मला माझ्या मुलाची किळस आली. आईने हे लिहू नये. पण तुझ्यापाशी नाही लिहिणार तर कुठे. जिवंत माणसाच्या खोलीतलं सामान त्याच्या देखत मोजायला लागावं, तसं ते होतं. आणि त्याला ते कळलंच नाही, याचा मला सगळ्यात जास्त वीट आला. तो वाईट नाही ग. तुझं दुखणं कळलं तेव्हा पहिली गाडी पकडून तोच धावला होता. पण त्याच्या लेखी जे हलत नाही ते मोकळं, उचलावं आणि वापरावं.

तू फोनवर म्हणालीस ते मीच जेवताना सांगितलं होतं. तू म्हणालीस, ताई, हात उचलला जातो पण बोटांत जोर नाही, तारेवरून नुसती वाऱ्यासारखी फिरतात, आवाजच निघत नाही, माझं झालं आता, ती देऊन टाक कुणालातरी. मी त्या घासाला तिथेच थांबले होते. बाकीचे जेवत राहिले, आणि त्यांतल्या एकाने शेवटचे शब्द तेवढे उचलून ठेवले.

आता यापुढचं नीट वाच. त्याने मला नवीन आवाज ऐकवला. स्पीकरला वायर जोडली आणि दणकन काहीतरी वाजवलं. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज. तुझ्या गिटारीचा तो ओलसर, खोलीच्या कोपऱ्यात जाऊन बसणारा आवाज कुठेच नव्हता. मी उठून गॅलरीत गेले. त्याला फोन आला, त्याने गिटार तशीच सोफ्यावर उताणी टाकली, वायर लावलेली, आणि तो निघून गेला. मागून नात आली. तिला तू शेवटचं पाहिलंस तेव्हा ती रांगत होती, आता शाळेत जाते. ती सोफ्यावर चढताना तिच्या फ्रॉकची बाही तारांवरून गेली. नुसती बाही. आणि त्या काळ्या स्पीकरातून सगळ्या तारा एकामागून एक, स्वच्छ, हॉलभर वाजल्या. ती दचकली, मग हसली, आणि बोटाच्या टोकाने, धूळ पुसावी इतकं हलकं, परत फिरवलं. परत वाजल्या. मी गॅलरीच्या दारात उभी होते आणि मला तुझी बोटं दिसत होती. वाऱ्यासारखी फिरतात म्हणालीस ना, तशीच.

नातीने ते कुठल्या हाताने केलं असेल सांग. स्वयंपाकघरातून सूनबाईंचा आवाज आला, तो हात नाही, दुसरा हात. जेवतानाही हेच चालतं, चित्र काढतानाही हेच. मी आजवर गप्प होते, सुनेच्या संसारात नाक खुपसू नये म्हणून. त्या दिवशी म्हटलं, तोच हात. सूनबाई दारात आल्या. मी म्हटलं, या घरात एकदा सरळ करून झालंय, पुरे.

दुसऱ्या दिवशी गिटार रिक्षात घालून मीच वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. चिरंजीव अजून माझ्याशी हो-नाही एवढंच बोलतात. दुरुस्तीवाल्याने आत पाहिलं आणि नाक मुरडलं, मला तेवढ्यानेच बरं वाटलं. म्हणाला, बाई, हा डबा काढतो, लाकडाचा तुकडा बसवून भोक बुजवतो, लांबून कळणार पण नाही. मी तोंड उघडलं ते हो म्हणायला. आणि म्हणाले, नको, राहू दे, फक्त आतली घाण साफ करा. मग त्याने ते शेंबडाचे गोळे खरवडून काढले, वायरी नीट बांधल्या, चीर जोडली. पिकअपची पट्टी आत गेल्यावर वरचं हाड तेवढंच घासायला हवं होतं, ते त्या महाभागाने घासलंच नव्हतं, म्हणून तारा उंच होऊन बोटाला कापत होत्या. याने तारा परत उलट्या लावल्या, तुझ्या बाजूने, आणि हाडाच्या पट्ट्या नव्याने केल्या, घासून, तारा मानेला टेकतील-न-टेकतील इतक्या खाली आणून. एक अडचण राहिली. डबा उजव्या माणसाच्या हिशेबाने बसवलाय, त्यामुळे तू गिटार धरलीस की तो खाली तुझ्या मांडीवर येतो आणि चकत्या दिसत नाहीत. एकदा आवाज लावून घ्यायचा आणि मग त्याच्याकडे बघायचं नाही. मला तर हे सोयीचंच वाटतं. ते ध्यान दिसतच नाही. माझी किळस गेलेली नाही, डावरे, जायची पण नाही. अजूनही ती चौकोनी कड बोटाला लागली की अंगावर काटा येतो. पण बुजवू दिलं नाही, याचा पश्चात्ताप नाही.

तर, तू सांगितलंस देऊन टाक. मी तुला फोनवर हो-नाही काहीच म्हटलं नव्हतं, म्हणून हे पत्र. देऊन टाकते. गिटार तुला. स्पीकर आणि वायर पण तुला, चिरंजीवांना मी सांगितलंय की तो डबा मावशीच्या गिटारीच्या पोटात आहे, तेव्हा त्याचं बाकीचं सासर-माहेरही मावशीकडेच जाईल. उजव्या हाताच्या ज्या पट्ट्या त्याने करून घेतल्या होत्या त्या एका पाकिटात घालून त्याला देते, त्याच्या त्या आहेत. गाण्याच्या सिस्टरांनी शाळा सोडताना मला दिलेली जुनी गिटार मी असेपर्यंत माझी, मग त्याची. ती सरळच आहे, तिला हवी तितकी भोकं पाडू दे. तुझ्यानंतर तुझी गिटार माझ्या नातीला, आणि डबा ठेवायचा की भोक बुजवायचं ते तिचं ती ठरवेल. हे तू तुझ्या त्या कावळ्याच्या अक्षरात, पण या खेपेला डाव्या हाताने, जमेल तसं लिहून ठेव. वाचता आलं नाही तरी चालेल. पुढच्या आठवड्यात मी दोन्ही पेट्या घेऊन गाडीत बसते आहे. तुझा तो रुंद सोफा मला नको, एखादं अरुंद बाकडं बघून ठेव. मी डावीकडे बसेन. आणि माझं उजवं कोपर तुला. तुझं दमलं की माझ्यावर टेकव, मी वरखाली करत राहीन.

तुझीच,
डाव्या अंगाला बसणारी ताई