पानाच्या डब्यातलं पाकीट

३ फेब्रुवारी
केलं मीच. वहिनीचं गोळ्यांचं पाकीट आरशामागनं उचललं आन् आईच्या पानाच्या डब्यात घातलं. काल तिनं माझ्या चहात मीठ टाकलं व्हतं — फिट्टंफाट! आई पान काढाय जाईल, वरडंल, आपण हसू. एवढंच डोक्यात. "रक्ताच्या गोळ्या हायत" म्हणायची वहिनी. मला काय ठावं!

४ फेब्रुवारी
आईनं पाकीट गावातल्या आशा सेविकेला, अनुपमाताईला दाखवलं. ह्या कशाच्या? ती म्हणली, पोरं न व्हायच्या. झालं! लग्नाला दोन वर्षं, आई नातवाची वाट बघती. वहिनी सांगत व्हती, पाळी नीट यावी म्हणून दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी दिल्यात. ऐकतंय कोण.
"मग रक्ताच्या का म्हणलीस?"
दादा खाली बघत बसला. संध्याकाळी वहिनीचा भाऊ आला, तिला माहेरी कासुर्डीला घिऊन गेला.
मी गप. मी!

७ फेब्रुवारी
घर लई मोठं वाटतंय. दादा चाकणला ड्यूटीवर. आई बोलत न्हाई. माझ्या वयाची पोरं कंपनीत, मी बारावी नापास, म्हशी बघतो. चेष्टा करायची कुणाची? म्हशीची केली. ती पण बघंना.

९ फेब्रुवारी
चहा गोड. रोज गोडच.

११ फेब्रुवारी
अनुपमाताईला रस्त्यात गाठलं. वहिनी खरं सांगत व्हती का? ती म्हणली, व्हय की. एकाच गोळीत दोन हार्मोन. पोर थांबवाय चालती, तशीच पाळी चुकत आसंल, अंगावरनं लई जात आसंल, तरी डॉक्टर देत्यात. बंद केली की पोर राहतंय. पाकिटातल्या अठ्ठावीसात तपकिरी सात तेवढ्या लोहाच्या. म्हंजी रक्ताच्या! वहिनी पाव हिस्सा तरी खरंच बोलली व्हती.
मग आईला का न्हाई सांगितलं?
"एक सांगितलं, दुसरं ऐकाय थांबली कुठं ती?"

१२ फेब्रुवारी
आईला सगळं सांगितलं — डबा सोडून. ती सुपारी कातरत राहिली. मग म्हणली, "तू झाल्यावर माझ्या पण अंगावरनं असंच जायचं. बत्तिसाव्या वर्षी पिशवी काढली. गोळी आसती म्हणून कुणी बोललं न्हाई मला."
 डबा मिटला आन् म्हणली, उद्या गाडी काढ.

१३ फेब्रुवारी
कासुर्डी. गोळ्या मधीच थांबल्या, वहिनीचं अंगावरनं जाणं परत चालू झालंय. तोंड पांढरंफटक. आई जवळ बसली, पाकीट तिच्या हातात दिलं. म्हणली, आधी डॉक्टरीणबाईंकडं जाऊ, मग घरी. आन् मग विचारलंच —
"सायली, हे माझ्या डब्यात आलं कसं गं?"
वहिनी म्हणली,
"मीच ठिवलं, आत्याबाई. चुकून."

तारीख तीच
मग वहिनीनं चहा दिला. सगळ्यांचा गोड. माझ्या कपात मीठ! तिला पहिल्या दिवसापासनं ठावं व्हतं.
निमूट पिलो, पार तळापत्तोर. वही, तुला सांगितलं तेवढं बास. पाया पडतो, कुणाला सांगू नको.