‘बिच’ या शब्दाची नोंद

माय,

हे टेबल मी केलं, सागाच्या जुन्या दाराचं. शब्दांची कार्डं ठेवायचे हे खोके, त्यांचे खण, खणांच्या पितळी मुठी. आणि कार्डांवरचा इंग्रजी-मराठी कोश, ए पासून झेड पर्यंत, एकट्याने, कॉलेजची पायरी न चढलेल्या माणसाने. टेबलावरून हात फिरवून तू ‘चांगलं झालं गा’ म्हणाली असतीस. कोशाबद्दल मात्र आधी विचारलं असतंस, तो शब्द घातला का?

घातला. त्याच्यासाठीच हे लिहून राहिलो.

सिव्हिल लाइन्समध्ये साहेबांकडे तू त्यांची विलायती कुत्री सांभाळायचीस. त्या बंगल्यात नर तो ‘डॉग’ आणि मादी ती ‘बिच’. साहेब, मेमसाहेब, जनावरांचे डॉक्टर, सगळे तो शब्द बादली-तांब्या म्हणावं इतक्या सहज म्हणायचे. तूही म्हणायचीस. महाल वस्तीतल्या आपल्या खोलीत भाकर थापता थापता सांगायचीस, "आज काळ्या बिचले पिल्लं झाली." व्यायलेल्या कुत्रीजवळ सुरुवातीचे दिवस दुसऱ्या कोणी जायचं नाही, हा तुझा नियम. साहेबसुद्धा दारातून बघून परत फिरायचे.

मग त्यांचा भाचा आला. त्याला पाहुण्यांना दाखवायला पिल्लू उचलून न्यायचं होतं. तू दारात आडवी उभी राहिलीस. त्याने तोच शब्द तुला फेकून मारला. संध्याकाळी तू विचारलंस, आणि मी जुन्या पुस्तकांच्या ढिगातून आणलेला छोटा कोश उघडला.

"कुत्री," मी वाचलं.

"ते मले मालूम आहे. त्यानं मले काहून म्हटलं?"

"इथं एवढंच आहे वं माय."

"मंग तुयं पुस्तक अर्धंच आहे," म्हणालीस आणि तवा उतरवलास.

मला उत्तर सापडेपर्यंत तू राहिली नाहीस. आता सांगतो. शब्द हजारएक वर्षं जुना आहे, आणि मूळ अर्थ साहेबांच्या बंगल्यातलाच, कुत्र्याची मादी. पुढे काही शतकांनी तो बाईवर टाकला जाऊ लागला. आधी तिच्या चालचलणुकीवर. मग जी ऐकत नाही, आडवी येते, तिच्यावर. कुरकुर करण्यालाही तोच शब्द, जिकिरीच्या कामालाही. बाईला म्हटला तर ती डोईजड, पुरुषाला म्हटला तर तो लाचार. हे कार्ड मी कितीदा फाडून पुन्हा लिहिलं. आणि अलीकडे काही बायकांनी तोच शब्द उचलून स्वतःला लावून घेतला, ताठ मानेने. मनीषनगरच्या या घरात परवा तुझी नात फोनवर मैत्रिणीला हसत हसत तेच म्हणाली. मी ओरडलो.

"बाबा, आमच्यात चालते ते. तुम्ही नका म्हणू फक्त."

तेही नोंदीत घातलं: कोण कोणाला म्हणतो, त्यावर अर्थ ठरतो. आणि कुत्री पाळणाऱ्यांत तो आजही साधाच आहे, हेही.

एक प्रकाशक कोश छापायला आले होते. शाळांना विकायचा आहे म्हणाले. "बाकी काही बदलू नका. या शब्दापुढे फक्त ‘कुत्री’ ठेवा. मास्तर लोक बोंब मारतील हो!" दुसरं कोणी या कोशाला विचारत नाही. छापला नाही तर माझ्यामागे ही कार्डं रद्दीत जातील, हे मला कळतं. ते गेल्यावर बायको म्हणाली, "एका शब्दापायी?" तेव्हापासून घरात येरझारा घालून राहिलो. खण ओढतो, लावतो. तुझा प्रश्न मला अडवतो की माझी घमेंड? तुझं नाव पुढे करून मी माझीच अकड राखतो आहे, असंही वाटतं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. प्रकाशकाचा नंबर आज लावला आणि घंटी जायच्या आत कापला, ते घरात कोणाला सांगितलेलं नाही. एका नोंदीतून ‘कुत्री’पुढचं सगळं काढायचं, कोश माझ्या नावाने छापायचा, आणि वर चार लाख रुपये. त्या दिवशी त्यांना मी नाही म्हणालो.