सविता परत यावी म्हणून

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

शेजारच्या सविताचं घर पर्यटकांना देणार म्हणे! तिच्या मुलाचा, धवलचा, सकाळी फोन. आई आता पुण्यातच राहील, तिला तिथे भीती वाटते, म्हणाला.

वाटणारच. ऑक्टोबरात भरदुपारी, ह्याच गल्लीत, बाईकवरून दोघे आले आणि तिचं मंगळसूत्र ओढून गेले. पडली, मनगट मोडलं. कुणीही बाहेर आलं नाही. आठ दिवसांत धवल तिला घेऊन गेला.

चौदा घरं गल्लीत, माणसं राहतात पाचांत. बाकी सगळे शनिवार-रविवारचे बंगले — गाणी, गाड्या, आणि सोमवारी कुलूप. तिचं घर त्यांत गेलं की संपलंच. पाडव्यापर्यंत थांब म्हटलं त्याला. नाइलाजाने हो म्हणाला.

५ फेब्रुवारी

शब्दकोडं घेऊन बसले. बावीस वर्षं एकच पेपर दोघींत — आडवे शब्द माझे, उभे तिचे. उभे कोरे राहतात हल्ली. मला जमत नाहीत अशातला भाग नाही. हात होत नाही.

फार आठवण येते तिची. ह्या वयात इतकी यावी ह्याची लाज वाटते.

९ फेब्रुवारी, रविवार

बाकी चारही घरांना माझ्या अंगणात बोलावलं. पोहे केले, नाहीतर कोण येतंय! दिगंबरराव — रेल्वेत गार्ड होते, तिसरं घर — त्यांना पोलिसांना निवेदन द्यायचं होतं. दोनदा देऊन झालंय की. मी म्हटलं, गल्लीत माणूस दिसला पाहिजे, बाकी सगळं नंतर. रोज संध्याकाळी सहा ते साडेसात खुर्ची फाटकाबाहेर टाकायची आणि बसायचं. दिगंबरराव म्हणाले, लोक काय म्हणतील? म्हटलं, कुठले लोक? तेच तर नाहीत!

समोर भाड्याने राहणारी समीक्षा — लॅपटॉपवर घरूनच नोकरी करते — लगेच तयार झाली. पोरगी गुणाची आहे. इतके दिवस तिच्याशी धड बोलले नव्हते मी.

११ फेब्रुवारी

कस्तुराबाई वडिवळ्याहून भाजी घेऊन येतात, नाक्यावर बसतात. सकाळी आत गल्लीत बसाल का विचारलं. लगेच पाटी उचलली. वर मलाच ऐकवलं, "बाई, तुमी समदी दारं लावून बसता, मंग चोराला लय सोपं. मी हितं बसते, पर तुमी बी बाहीर या."



१६ फेब्रुवारी, रविवार

आज फजिती! ठरलं होतं — अडचणीत असेल त्याने थाळी वाजवायची, बाकीच्यांनी धावत यायचं. अकरा वाजता तालीम. मी थाळी बडवली मात्र, सगळ्या गल्लीची दारं-खिडक्या धडाधड बंद! लोणावळ्यात थाळी वाजली म्हणजे माकडं आली, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. दिगंबरराव तर वाळत घातलेले पापड घेऊन आत पळाले. हसून हसून पोट दुखलं.

मग समीक्षा हसता हसता थांबली. म्हणाली, त्या दिवशी सविताकाकू फाटक वाजवत होत्या. तो खणखणाट ऐकून मी माकडं समजले आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. दिगंबरराव खाली बघत म्हणाले, मीसुद्धा. एकेकाने मान हलवली.

मीही हलवली.

थाळी रद्द. आता शिट्टी. दिगंबररावांची गार्डाची अजून शाबूत आहे, बाकीच्यांसाठी बाजारातून आणल्या.

२ मार्च

रिकाम्या प्लॉटवरची घाणेरीची झुडपं तोडली. हात ओरबाडून निघाले. तिथे बाक ठेवलं. खांबावरचा दिवाही लागला — समीक्षा नगरपरिषदेत तीनदा जाऊन बसली तेव्हा.

१० मार्च

सात खुर्च्या आज! वरच्या आळीतल्याही दोघी येऊन बसल्या. दोनदा चकरा मारून गेलेली एक बाईक आम्हाला बघून वळली ती गेलीच. दिगंबरराव शिट्टी तोंडात धरूनच बसले होते, चहासुद्धा घेईनात.

सगळं मनासारखं होतंय. तरी नजर जाते ती शेजारच्या रिकाम्या जागेकडेच.

१८ मार्च

सविताशी फोनवर बोलले. खुर्च्या, बाक, दिवा सगळं सांगितलं. हं, हं करत होती. परत ये गं, म्हटलं.  ती म्हणाली, पाडव्याला येते बघायला.

रात्रभर झोप नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

आली. तिच्या दारात आम्ही गुढी उभारली होती. ती बघून रडली. वाळली आहे. मनगट अजून नीट वळत नाही.

खुर्चीत बसवलं तिला. दिगंबररावांनी हात जोडून माकडांची हकिकत सांगितली, सगळ्यांच्या वतीने माफी मागितली. सविता हसली. म्हणाली, "अहो, मीही दार लावलंच असतं की." सगळ्यांच्या मनावरचं ओझं उतरलं. कस्तुराबाईंनी तिच्या पदरात मेथीची जुडी टाकली. घर पर्यटकांना द्यायचं नाही, हे तिने धवलला तिथेच बजावलं. गाडीच्या डिकीत तिची मोठी बॅग होती. मी पाहिली. राहायच्या तयारीनेच आली होती!

चहाची भांडी ठेवायला दोघीच आत गेलो. माझा हात धरला तिने. म्हणाली, "चंदू, तुलाही माकडंच वाटली का गं?"

हो म्हणाले मी.

 तिने हात सोडला. बाहेर येऊन धवलला म्हणाली, चल, निघू या. घर एखाद्या राहणाऱ्या कुटुंबाला दे.

सगळे मला विचारत होते काय झालं.

१ एप्रिल

ऑक्टोबरात त्या दिवशी तिने माझं फाटक वाजवलं होतं. "चंदू, दार उघड" — दोनदा. मला स्वच्छ ऐकू आलं होतं. मी आतून कडी लावली.