चंद्रभानसाठी येणारे फोन

वाडी, नागपूर
११ ऑगस्ट १९८३

चि. सौ. वच्छला हिला तुळसाबाईचे अनेक आशीर्वाद.

माझं ठीक चाललं आहे. गुडघे दुखतात, पण त्यांचं रोजचंच आहे. तुमच्याकडे धानाची रोवणी आटोपली असेल. तू धाडलेला तांदूळ चांगला मोकळा शिजतो.

आता तुझ्या नवऱ्याची तक्रार. तुझी शिलाई मशीन हप्त्यानं घेताना चंद्रभाननं दुकानाच्या कागदावर तुझं नाव आणि माझा फोन नंबर दिला. त्यात काही नाही, अर्धी गल्ली माझाच नंबर देते. पण गोदामातलं काम सुटून तुम्ही गावी कुहीला गेलात, तेव्हा हप्ते राहिलेत हे मला सांगून तरी जायचं. तेव्हापासून दर मंगळवारी दुकानाचा वसुलीवाला मलाच फोन करतो. ताराचंद त्याचं नाव.

पहिल्यांदा मी त्याला चांगलं झापलं. "तो खोली सोडून गेला गा. मले काहून तरास देऊन राहिला?"

तर म्हणतो, "मावशी, मालक मले ओरडते. मी कोणाले ओरडू?" मला हसू आलं.

पुढे "चंद्रभान आला का?" "नाही आला," एवढ्यावर फोन संपायला हवा होता. पण त्याच्या आईचा दमा निघायचा, माझे गुडघे निघायचे. हे गेल्यापासून त्यांच्या ट्रकच्या धंद्याचे फोन बंदच झालेत. भिलाईहून मुलाचा ट्रंककॉल येतो तो दिवाळीला, तीन मिनिटांचा. मंगळवारी मी लवकर आंघोळ करून फोनजवळ बसू लागले. तुमचा पत्ता मात्र सांगितला नव्हता.

परवा त्यानं विचारलं, "जेवण झालं का, मावशी?" मी बोलून गेले, "झालं. कुहीचा तांदूळ आहे, आमच्या वच्छलानं धाडला."

तर तो म्हणाला, "हे मले सांगाचं नव्हतं, मावशी. आता मशीन आणाले जाच लागते."

त्या रात्री मला झोप नाही. तुझ्या शिवणावर तुमची चूल पेटते आहे आणि मी गप्पांच्या नादात तुमचा घात केला.

काल सीताबर्डीला त्या दुकानात जाऊन सगळे हप्ते भरून आले. पावती सोबत ठेवली आहे. ताराचंद तिथेच होता. मी त्याला आवाजावरून ओळखलं. म्हणाला, "आता फोन कराचं काम नाही राहिलं."

माझे उपकार मानू नकोस, वच्छला. तेवढे पैसे माझ्याजवळ पहिल्या मंगळवारीही होते. भरले असते तर फोन बंद झाला असता, म्हणून भरले नाहीत. तुमच्या डोक्यावरची टांगती तलवार मी माझ्या करमणुकीसाठी तशीच राहू दिली.

रागावली असशील तर मला तसं कळव. पत्रानं नको. कुहीच्या पोस्टात फोन आहे म्हणतात. तिथून मला चार शिव्या दे, मी ऐकून घेईन.

तुझी अपराधी,
तुळसाबाई