पट्टा मालकाच्या गळ्यात

मुलुंड पूर्व, गुरुवार

ती. मालनताई,

वाकून नमस्कार (मनातल्या मनात, कारण डावा हात प्लास्टरात आहे). तुझा गुडघा काय म्हणतो? साखर? फोन केला नाही, कारण फोनवर तू मध्येच हसतेस, आणि हा हसण्याचा विषय नाही. आमची रुचिरा रविवारी भुरूला पवईला न्यायला येते आहे. कायमचं. माझा कुत्रा, आणि मलाच न विचारता!

सगळा दोष तिसऱ्या मजल्यावरच्या नंदकुमारचा. हा गृहस्थ रोज सकाळी कुत्रा फिरवायला उतरतो तेव्हा पट्टा स्वतःच्या गळ्यात घालतो, हारासारखा, आणि बाकावर मोबाइल बघत बसतो. त्याचा लॅब्रेडोर रॉकी (वजन माझ्याहून थोडंच कमी) सोसायटीभर मोकळा. बोललं की म्हणतो, "काकू, त्याला फक्त हॅलो म्हणायचंय हो!" अरे, पण मला नाही ना म्हणायचं! चाळीस किलोचं हॅलो या वयात झेपत नाही.

रुचिरानेच मला सूचना पाठवल्या होत्या: मोकळा कुत्रा आला तर पळायचं नाही, त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, आपला कुत्रा मागे घ्यायचा आणि खणखणीत दरडावायचं. सोमवारी रॉकी धावत आला. मी पळाले नाही. नजर पाण्याच्या टाकीवर ठेवली. भुरूला मागे घेतलं (त्यात पट्ट्याचा एक वेढा माझ्याच पायांना बसला, हे सूचनांत नव्हतं). मग कॉन्व्हेंटच्या सिस्टर्स ज्या आवाजात अख्खी शाळा गप्प करत, त्या आवाजात ओरडले, "हाड!"

रॉकी खाली बसला आणि मान तिरकी करून बघत राहिला. घर मराठी असलं तरी कुत्रा इंग्रजी माध्यमाचा. 'हाड' त्याने जन्मात ऐकलेलं नाही. भुरूने ऐकलं आहे. त्याचं बालपण स्टेशनजवळच्या भुर्जीच्या गाडीखाली गेलं. तो जो सुटला! मी आडवी.

प्लास्टर ओलं असतानाच मी कमिटीला लेखी कळवलं, की कॅमेऱ्यातून मोकाट कुत्र्याचा फोटो काढा आणि मालकाच्या नावासकट बोर्डावर लावा. गच्चीची गळती सात वर्षं न काढणाऱ्या कमिटीने हे तासाभरात केलं. फोटोत भुरू: कान मागे, पट्टा हवेत, गेटबाहेर पडताना. मागे रॉकी, सभ्यपणे बसलेला. खाली माझं नाव. (जमिनीवरची मी फोटोत आलेच नाही.)

तो फोटो रुचिरापर्यंत पोचला. "आई, तुला आता कुत्रा आवरत नाही," म्हणाली. भुरू बाविसाव्या मजल्यावर राहणार आणि त्याला पगारी माणूस फिरवणार. आणि मला सकाळी सहाला कोण उठवणार?

तुझी,
रेवती

ता. क. हे पत्र घेऊन आलेला माणूस म्हणजेच नंदकुमार. त्याचं ऑफिस तुझ्या घाटकोपरलाच आहे. (पाकीट मी नीट चिकटवलं आहे.) त्याला चहा दे. भुरूला भुर्जीच्या गाडीखालून त्यानेच शोधून आणलं.

आणखी एक ता. क. शनिवारी संध्याकाळी मी भुरूला घेऊन तुझ्याकडे राहायला येते आहे, रुचिराचा राग उतरेपर्यंत. तिला सांगू नकोस. तुला कुत्र्यांची भीती वाटते, ठाऊक आहे. त्यालाही वाटते. तुमचं जमेल.