तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी

मी, प्रेमाबाई शमुवेल भालेराव, वय साठ, अविवाहित, निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार घोडनदी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. या वयात लग्न ठरवले म्हणून ते नाही, असे माझा भाचा सत्यवान गावभर सांगत फिरतो. त्याने हे अक्षर पाहावे. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी लावलेले वळण अजून मोडलेले नाही.

कलम १. माझ्या दोन खोल्या, पडवी आणि मागचे लिंबाचे झाड सत्यवानाला मिळावे. त्याची लायकी नाही, पण तो माझ्या भावाचा मुलगा आहे. परवा तो म्हणाला, "आत्या, लोक हसत्यात." हसू देत. छत्तीस वर्षे ते माझ्याकडे बघून चुकचुकले; आता हसले तर तेवढाच बदल.

कलम २. पोस्टातल्या शिलकीतून दौंडच्या ख्रिस्ती कबरस्तानात दयाबाई दानिएल लोंढे हिच्या कबरीवर दगड बसवावा.

दया माझी बोर्डिंगातली मैत्रीण. १९३८ साली माझे लग्न दानिएल लोंढे यांच्याशी ठरले होते. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार देवळात तशी सूचना वाचतात, कोणाची हरकत असल्यास कळावी म्हणून. दोन रविवार वाचली. तिसऱ्या रविवारी पाळकांनी घसा खाकरला आणि सरळ गीताचा क्रमांक सांगितला. मी पुढच्याच बाकावर होते. आदल्या संध्याकाळी दानिएलच्या आईने, रंगुबाईंनी, पाळकांचे घर गाठले होते. "मला सून पायजे व्हती. ही मास्तरीण हाय, उलटून बोलती."

बोलले होते, नाकारत नाही. पण मुलाने आईपुढे तोंड उघडले नाही आणि वर्षाच्या आत दयाशी लग्न केले. दयाचा त्यात काय दोष? तरी मी तिच्याशी बोलणे टाकले. दोन वर्षांपूर्वी ती वारली, तेव्हा मातीलाही गेले नाही. घोडनदीहून दौंड, न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एका एस.टी.चे तर अंतर. हे ओझे आता उचलवत नाही.

कलम ३. माझे गजराचे घड्याळ दानिएल यांना द्यावे. दौंडला रेल्वेत गार्ड असताना एकही गाडी उशिरा सोडली नाही, असे ते अभिमानाने सांगतात. नाताळच्या दुसऱ्या दिवशी ते दारात येऊन उभे राहिले.

"प्रेमाबाई, आपला तिसरा रविवार राहिलाय."

"तुमचा राहिलाय. मी देवळात होते."

"व्हय," ते म्हणाले. "म्हणून तर आलो."

मग आम्ही दयाबद्दलच बोलत बसलो. ते रडले. मी चहा टाकला. साखर घालायची विसरले. त्यांनी तसाच प्यायला.

गेले दोन रविवार आमची सूचना पुन्हा वाचली गेली. तिसरी उद्या. दानिएल पहिल्या एस.टी.ने येतो म्हणाले आहेत.

कलम ४. लग्नासाठी घेतलेली पांढरी रेशमी साडी ट्रंकेत तळाशी आहे. एकदाही नेसलेली नाही. डांबराच्या गोळ्या दरसाल बदलल्या आहेत. मला पुरताना ती नेसवावी.

कलम ५. शेजारीण रंभा हिला तांब्याचा बंब ठेवायचा होता. पण साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, असे वकील बबनराव म्हणाले. "मंग सही कशापायी करू?" म्हणून ती रुसली. बंब आजच तिच्या घरी पोचवला आहे. ती जाताना म्हणाली, "उद्या त्ये न्हाई आलं तर मी जाते दौंडाला. कान धरून आणते."

बबनरावांनी मला एक गोष्ट बजावून सांगितली. "बाई, तुमच्या कायद्याने लग्न लागलं की आधीचं मृत्युपत्र रद्द. मंगळवारी लग्न, मग आज शनिवारी हा खटाटोप कशाला?" मी म्हटले, त्याही शनिवारी सगळे ठरलेलेच होते.

तेव्हा दानिएल आले नाहीत, किंवा मीच आधी गेले, तर वरील प्रत्येक कलम अक्षरशः पाळावे. आणि हा कागद रद्द झाला, तर दयाचा दगड मी स्वतः बसवीन, दानिएलना सोबत घेऊन. साडी कोणी ट्रंकेत शोधू नये. ती माझ्या अंगावर असेल.

वाचून पाहिले, बरोबर आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

प्रेमाबाई शमुवेल भालेराव

साक्षीदार:
१. बबनराव तात्याबा कर्डिले, वकील, शिरूर
२. रंभा चांगदेव शेळके, घोडनदी, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

मुक्काम घोडनदी, तालुका शिरूर, जिल्हा पुणे
शनिवार, २ फेब्रुवारी १९७४